कानाने खेळणारी मुले

(संस्थेच्या वार्षिक समारंभात कुपवाड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)





मी आपल्याच शाळेचा एक जुना विद्यार्थी आहे. आधी रेडिओ आणि टेपरेकॉर्डर, नंतर टेलिव्हिजन आणि आता मोबाईल दुरुस्त करण्यात माझे आयुष्य गेले. मी विद्वान मनुष्य नव्हे. म्हणून ज्या कामात माझे हात थोडेफार काळे झाले आहेत, त्याच विषयावर बोलण्याचे मी ठरविले. विषय आहे अंध मुलांचे व्हिडिओ गेम, आणि त्यासाठी हेडसेट कसा निवडावा. हे ऐकून काहींना हसू येईल. ज्याला पडदा दिसत नाही त्याला पडद्यावरचा खेळ कशाला, असे कोणी म्हणेल. मीही तसेच म्हणत होतो. माझे मत कसे बदलले ती हकिकत आधी सांगतो. हे भाषण पुढे स्मरणिकेत छापले जाणार असल्याने, आज येथे नसलेल्या वाचकांनीही ते आपल्याला उद्देशूनच आहे असे समजावे.

माझा एक भाचा जन्मापासून अंध आहे. वय चौदा. घरातील इतर मुले मोबाईलवर खेळू लागली की हा शेजारी बसून कान देई. कोण जिंकले, कोण हरले हे इतरांच्या ओरडण्यावरून ओळखी. पुढे त्याला केवळ आवाजावर चालणारा मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ मिळाला. त्यासाठी चांगला हेडसेट हवा म्हणून त्याने साठविलेली सगळी ईदी काढली आणि आम्ही दोघे एका दुकानात गेलो. ‘गेमिंगसाठी यापेक्षा भारी काही नाही’ असे सांगून दुकानदाराने एक बिनतारी हेडसेट दिला. घरी येऊन सुरू केला तर दोन्ही कानांवर लाल, निळे, हिरवे दिवे लुकलुकू लागले. अंध मुलाने आपल्या ईदीतून दिव्यांचे पैसे भरले होते! दुकानदाराने फसविले असे मी म्हणत नाही. त्याला ठाऊक नव्हते. पण मी बरोबर होतो आणि मलाही ठाऊक नव्हते, ही गोष्ट मला अधिक लागली.

खरी अडचण तर पुढेच होती. तो शर्यतीत प्रत्येक वेळी हरू लागला. एक दिवस म्हणाला, “मामू, गाडी आधी भिंतीवर आदळते आणि भिंत आली हे मला मागून ऐकू येतं.” मुले हसली. त्याने हेडसेट ट्रंकेत टाकला आणि म्हणाला, “आपल्या नशिबात खेळ नाही.” चौदा वर्षांच्या मुलाच्या तोंडचे हे वाक्य ऐकून मी अभ्यासाला लागलो. त्यात जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवतो.

मित्रहो, कानाने काम करणे आपल्या भागाला नवे नाही. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांनी लेथवर काम केले आहे त्यांना विचारा. यंत्राचा आवाज किंचित बदलला की जुना कारागीर मान न वळवता सांगतो, ‘बेअरिंग गेले.’ शेजारी मिरजेत सतार आणि तंबोरे बनविणारी शिकलगार घराणी पिढ्यान् पिढ्या हेच करीत आली आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या वाद्याची जवारी लावताना कारागीर घोडी घासतो, तार छेडतो आणि ऐकतो. पुन्हा घासतो, पुन्हा ऐकतो. आवाज कधी खुलला ते कानच सांगतो. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर ज्या गावात आहे, त्या गावाच्या शेजाऱ्यांना कानाची थोरवी मी काय सांगावी?

अंधांच्या खेळांची परंपराही जुनी आहे. अंधांच्या क्रिकेटमध्ये प्लॅस्टिकच्या चेंडूत छर्रे घातलेले असतात. चेंडू जमिनीलगत टाकला जातो आणि फलंदाज खळखळ ऐकून फटका मारतो. या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा १९९८ मध्ये आपल्या देशात, नवी दिल्लीत झाली. बुद्धिबळाच्या पटावर अंधांसाठी काळी घरे पांढऱ्यांहून उंच केलेली असतात, प्रत्येक घराला भोक असते आणि काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर खूण असते. मुंबईचे श्री. चारुदत्त जाधव हे स्वतः अंध आहेत. त्यांनी देशभरातील अंध बुद्धिबळपटूंची संघटना उभी केली आणि संगणकावर बोलणारे बुद्धिबळ ‘टॉक ६४’ या नावाने तयार केले. त्यात प्रत्येक चाल संगणक तोंडाने सांगतो. म्हणजे पडद्यावरचा खेळ कानाने खेळण्याची वाट आपल्या महाराष्ट्रातल्या माणसानेही पाडली आहे.

जगात काय चालले आहे तेही थोडक्यात पाहू. जपानमध्ये १९९७ साली केनजी एनो या निर्मात्याने असा खेळ काढला की ज्यात पडद्यावर चित्रच नव्हते. सगळी कथा आवाजातून उलगडत होती. फ्रान्समध्ये २०१५ साली ‘अ ब्लाइंड लेजंड’ हा मोबाईलवरचा खेळ निघाला. त्याचा नायक अंध सरदार आहे आणि त्याची लहान मुलगी त्याला आवाजाने वाट दाखविते. कॅनडात २०२१ मध्ये ‘द व्हेल’ हा खेळ निघाला, त्याची नायिका जन्मांध राजकन्या आहे. हे झाले केवळ आवाजाचे खेळ. पण डोळसांसाठी केलेले मोठे खेळही हळूहळू दार उघडू लागले आहेत. २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस, भाग २’ या खेळात अपंग खेळाडूंसाठी साठांहून अधिक सोयी होत्या, आणि पूर्णपणे अंध असलेल्या खेळाडूंनी तो शेवटपर्यंत खेळून दाखविला. तो खेळ मात्र हिंसेचा आहे, प्रौढांसाठी आहे, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. २०२३ च्या ‘स्ट्रीट फायटर ६’ मध्ये प्रतिस्पर्धी किती दूर आहे, वार वरून आला की खालून, हे निरनिराळ्या आवाजांनी कळते. त्याच वर्षीच्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’मध्ये वळण केव्हा आले, गाडी रस्त्याच्या कडेला केव्हा गेली हे आवाज सांगतो. अमेरिकेतील ब्रँडन कोल हे अंध खेळाडू ‘द लास्ट ऑफ अस’ आणि ‘फोर्झा’ या दोन्ही खेळांच्या निर्मात्यांचे सल्लागार होते. ज्याची अडचण त्यालाच विचारले की काम नीट होते, एवढा धडा आपणही घेण्यासारखा आहे.

आता मुख्य विषयाकडे वळतो. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे आपल्याला कसे कळते? दोन कानांमध्ये जेमतेम वीतभर अंतर असते. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. डाव्या बाजूचा आवाज डाव्या कानाला आधी आणि उजव्याला किंचित मागून पोहोचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, तरी मेंदू तो ओळखतो. शिवाय डोके मध्ये आल्याने पलीकडच्या कानाला आवाज थोडा मंद पोहोचतो. लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये या दोन गोष्टींची सांगड घालून दाखविली. समोरचा आवाज आणि पाठीमागचा आवाज ओळखण्यास मात्र बाहेरच्या कानाच्या पाळीचे वळण उपयोगी पडते.

मोबाईलच्या स्पीकरवर हे सारे हरवते, कारण आवाज जवळजवळ एकाच जागेतून येतो. हेडसेटमध्ये प्रत्येक कानाला स्वतंत्र आवाज मिळतो आणि तेथेच अंध खेळाडूला ‘दिसू’ लागते. म्हणून डोळस मुलासाठी हेडसेट हौस असेल, पण अंध मुलासाठी तोच पडदा आहे. आपण चष्मा जसा नंबर पाहून घेतो, दांडीचा रंग पाहून नव्हे, तसाच तो घ्यावयास हवा.

पहिली गोष्ट, तार. साध्या ब्ल्यूटूथ हेडसेटमध्ये आवाज आधी गुंडाळला जातो, हवेतून पाठविला जातो आणि पुन्हा उलगडला जातो. यात पुष्कळदा सेकंदाचा सुमारे पाचवा भाग जातो. हे किती? कृष्णेच्या पलीकडच्या काठावर कोणी कपडे आपटत असेल तर हात खाली आलेला आधी दिसतो आणि धप्प हा आवाज मागून येतो. साधारण सत्तर मीटरवरून आवाजाला जेवढा उशीर होतो, तेवढा उशीर हा हेडसेट कानाशी बसून करतो. गाणे ऐकताना त्याने काही बिघडत नाही. डोळस खेळाडूला वळण दिसत असते, म्हणून त्याचेही निभावते. अंध मुलाची मात्र गाडी भिंतीवर आदळते. माझ्या भाच्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. काही हेडसेटांत ‘गेम मोड’ असतो, त्याने उशीर कमी होतो, पण नाहीसा होत नाही. ज्यांच्याबरोबर स्वतःचे छोटे रिसीव्हर यंत्र येते ते बिनतारी हेडसेट पुष्कळ जलद असतात, पण महाग पडतात. आपल्यासारख्यांसाठी साधी तार हेच उत्तम. हजार-दीड हजार रुपयांच्या आत चांगला तारेचा हेडफोन मिळू शकतो.

मी दुकानाच्या कपाटातून माझा जुना तारेचा हेडफोन काढला, त्याची तुटकी तार डाखली आणि भाच्याच्या डोक्यावर ठेवला. पहिल्याच वळणावर तो ओरडला, “मामू, भिंत आधी ऐकू आली!” मित्रहो, आयुष्यात मी पुष्कळ दुरुस्त्या केल्या, पण एवढी मजुरी मला कधी मिळाली नव्हती.

दुसरी गोष्ट, माइक. मुले खेळताना एकमेकांशी बोलतात. साध्या ब्ल्यूटूथ हेडसेटचा माइक सुरू झाला की तो बहुधा टेलिफोनच्या पद्धतीवर जातो. आवाज कनिष्ठ होतो आणि दोन्ही कानांना एकच ऐकू येते. म्हणजे मित्राशी बोलताच डावे-उजवे नाहीसे! तारेच्या हेडसेटमध्ये हा प्रश्न येत नाही.

तिसरी गोष्ट, खोक्यावरचे आकडे. ‘सेव्हन पॉइंट वन सराउंड’ वगैरे शब्दांना भुलू नये. बहुतेक हेडसेटांत प्रत्येक कानाला एकच पडदा असतो, बाकीची करामत हिशेबाची असते. खेळाने स्वतःच चहूबाजूंचा आवाज तयार केलेला असेल आणि हेडसेटने पुन्हा त्यावर संस्कार केले, तर दिशा स्पष्ट होण्याऐवजी धूसर होते. साधा, स्वच्छ स्टीरिओ पुरे. मोबाईलच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ बंद आहे की नाही हेही पाहावे. ती सोय एका कानाने ऐकणाऱ्यांसाठी आहे. ती चुकून चालू राहिली तर कितीही भारी हेडसेट वाया जातो.

चौथी गोष्ट, बोटांना कळणाऱ्या खुणा. डावा कान कोणता हे हाताला लागणाऱ्या खुणेवरून समजले पाहिजे. नसेल तर घरी डाव्या बाजूस दोऱ्याची गाठ बांधावी. आवाज कमीजास्त करण्यास फिरते बटण असावे. नुसत्या काचेसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर बोट फिरविण्याची पद्धत नको. बॅटरी किती उरली हे केवळ दिव्याने दाखविणारा हेडसेट अंध मनुष्याच्या काय कामाचा? ज्याच्यासाठी मोबाईलवर वेगळे ॲप लागते, ते ॲप मोबाईलचा वाचक आवाज वाचून दाखवितो की नाही हे घेण्यापूर्वीच तपासावे.

पाचवी गोष्ट, बाहेरचे जग. काही हेडसेट बाहेरचा आवाज मुद्दाम मारून टाकतात. डोळस माणसाला ते सुखाचे वाटते. अंध मुलाला मात्र आईची हाक, कुकरची शिट्टी, दारावरची थाप, मशिदीतली अजान हे सारे कानानेच कळायचे असते. म्हणून घरात कानावर फार घट्ट न बसणारा, बाहेरचे थोडे ऐकू देणारा हेडसेट बरा. रस्त्यावर तर कान झाकून चालूच नये. मोबाईलने वाट सांगावी असे वाटत असेल तर गालाच्या हाडावर टेकणारे हेडफोन मिळतात, त्यांत कान मोकळे राहतात. खेळासाठी मात्र त्यांत दिशा तितकी नेमकी कळत नाही.

सहावी गोष्ट, अंगाला सोसेल असा. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत रेक्झिनच्या गाद्या तासाभरात घामाने चिकट होतात. कापडी गादी घ्यावी, आणि ती बदलता येते की नाही हे विचारावे. वजन कमी असावे.

दुकानात जाताना मुलाला आणि त्याच्या खेळाला बरोबर न्यावे. हेडसेट त्याच्या कानावर ठेवून तोच खेळ लावावा. पावले डावीकडून उजवीकडे सरकली की त्याने बोटाने दाखवावे. बोट अडखळले तर तो हेडसेट परत ठेवावा. निवड त्याची असू द्या. आम्ही डोळसांनी खोके पाहून निवडले, त्याचे फळ मघाशी सांगितलेच.

आता सर्वांत महत्त्वाचे. अंध मुलाचे कान म्हणजे त्याचा उरलेला डोळा. तो जपण्यात हयगय झाली तर भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला ४० तास ऐकण्यासाठी प्रौढांना ८० डेसिबल आणि मुलांना ७५ डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. दर ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे प्रौढांसाठी ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला केवळ ५ तास. घरी डेसिबल मोजण्याचे यंत्र कोठून आणणार? तेव्हा साधा नियम पाळावा. आवाज पूर्ण क्षमतेच्या साठ टक्क्यांच्या आत ठेवावा, तासाभराने कान मोकळे करावेत, आणि हेडसेट कानावर असताना हातभर अंतरावरून मारलेली हाक ऐकू यावी. खेळानंतर कानात शीळ वाजत राहिली किंवा आवाज दबल्यासारखे वाटले तर खेळ थांबवून कानाच्या डॉक्टरांना दाखवावे. गोंगाटात आवाज वाढविण्यापेक्षा शांत खोली शोधावी.

वडीलधारी मंडळी विचारतील, हे सगळे ठीक, पण खेळात वेळ घालवावाच कशाला? प्रश्न योग्य आहे. माझे उत्तर एवढेच की, जो नियम डोळस भावंडांना, तोच यालाही. नमाज, अभ्यास, जेवण आणि झोप आधी, खेळ नंतर. पण भावाला अर्धा तास आणि याला शून्य, हा न्याय नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही शिक्षण आणि नोकरीबरोबर करमणूक व खेळ यांतील सहभागाची तरतूद केलेली आहे.

याचा शिक्षणाशीही संबंध आहे. संगणकावरचा पडदा वाचून दाखविणारे ‘एनव्हीडीए’ हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते आणि मराठीही वाचते. मोबाईलमध्ये तशी सोय मुळातच असते. पण आवाजाचे बहुतेक खेळ अजून इंग्रजीत आहेत. माझ्या भाच्याला इंग्रजीचा तास नकोसा वाटे. आता खेळातली सूचना समजत नाही म्हणून तो स्वतः शब्दाचा अर्थ विचारीत येतो. आणि आवाजाचे खेळ मराठीत वा उर्दूत का नाहीत, असेही विचारतो. ते तयार करणारा मुलगा उद्या आपल्याच शाळेतून निघू नये कशावरून?

बंधुभगिनींनो, हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम (रजि.) हे अंध सहाबी होते आणि मदिनेत अजान देण्याचा मान त्यांना होता, हे आपण जाणता. कुरआन शरीफमधील ८० वी सूरह, सूरह अबस, त्यांच्याच प्रसंगाने सुरू होते. शिकण्यासाठी आलेल्या अंध माणसाला थांबवून ठेवू नये, ही शिकवण आपल्याला चौदाशे वर्षांपूर्वी मिळाली आहे. इजिप्तचे ताहा हुसेन लहानपणीच अंध झाले, पण थोर साहित्यिक झाले आणि १९५० मध्ये त्या देशाचे शिक्षणमंत्री झाले. अंध मुलाकडून आपण किती अपेक्षा करतो यावर पुष्कळ अवलंबून असते.

म्हणून संस्थेपुढे माझी नम्र सूचना आहे. आपल्या संगणक कक्षात एक कोपरा असा करावा की जेथे दोन संगणकांवर वाचक आवाज असेल, दोन साधे तारेचे हेडसेट असतील आणि बोलणारे बुद्धिबळ असेल. आठवड्यातून एक तास तेथे अंध आणि डोळस मुले एकत्र खेळावीत, डोळस मुलाने पडदा बंद करून. हेडसेटची निवड अंध विद्यार्थ्यांनीच करावी. तारा तुटतील, गाद्या फाटतील; त्या दुरुस्त करण्याचे काम मी हयात असेपर्यंत विनामोबदला करीन, हे येथे सर्वांसमक्ष सांगतो.

ते लुकलुकणारे दिवे अजून आमच्या ट्रंकेत आहेत. तो हेडसेट मी विकू दिला नाही. न विचारता दुसऱ्यासाठी निवड केली की काय होते, याची ती आठवण आहे.



खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.